फणी न फिरवलेलं छत

मास्तर टॅक्सीतून उतरले, कोट सारखा केला आणि सवयीनं डावीकडच्या बोळात शिरले.

"अहो, तिकडं कुठं?" आईनं मागून हाक मारली.

"आत."

"आत जायचं दार हे समोर आहे. एवढं हत्तीएवढं दार दिसत नाही होय?"

मास्तर थांबले. तीन वर्षं ते रोज या बोळातूनच हवेलीत गेले होते. मागच्या दारानं, चुन्याच्या पोत्यांना बगल देत. पुढच्या संगमरवरी पायऱ्यांवर तेव्हा प्लास्टिक अंथरलेलं असायचं आणि कामगारांना तिथं पाय ठेवायची बंदी होती. आता हवेलीचं हॉटेल झालं होतं, प्लास्टिक गेलं होतं, पण पाय काही ऐकायला तयार नव्हते.

"बाबा, आज पुढून जायचं," धाकटी म्हणाली आणि त्यांचा डावा दंड धरून त्यांना वळवलं. उजवा धरला नाही. हवेलीचं काम संपलं त्याच वर्षी त्यांचा उजवा खांदा गेला होता. हात छातीपर्यंत यायचा, त्याच्या वर नाही. छताला गिलावा करणाऱ्या माणसाचा हात वर जात नाही म्हणजे काय झालं, ते वेगळं सांगायला नको.

धाकटी तीन भावंडांतली शेवटची. थोरला बँकेत, मधली सासरी. चुन्याला हात लावला तो हिनंच. शाळेला सुट्टी लागली की बापामागं परांचीवर, आणि पुढं शाळा संपली तरी परांचीवरच. आता ती स्वतःच्या नावावर कामं घ्यायची. लोक म्हणायचे, मास्तरांचा हात पोरीत उतरलाय. मास्तर हे ऐकून वरवर "कसलं काय" म्हणायचे आणि पुढचा अर्धा तास मिशीत हसत बसायचे.

आज आईबाबांच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती. म्हणून एक रात्र हवेलीत, असं तिनं घरी सांगितलं होतं.

ते खोटं नव्हतं. पण खरंही तेवढंच नव्हतं.

खरं कारण तिच्या फोनमध्ये होतं. दीड महिन्यापूर्वी कुणा पाहुण्यानं या हॉटेलचे फोटो टाकले होते. त्यात एक फोटो पलंगावर आडवं पडून काढलेला. खाली स्वतःचे पायमोजे, वर सात नंबरच्या खोलीचं छत. छताच्या मधोमध मास्तरांनी हातानं घडवलेलं चुन्याचं फूल. आणि फुलाच्या कडेनं अर्धचंद्रासारखी वळलेली एक रेघ, केसाएवढी.

बाकी कुणी तिच्याकडे बघितलंही नसतं. धाकटीनं मात्र तो फोटो बोटांनी ताणून मोठा केला आणि पुन्हा पुन्हा बघितला.

कारण त्या फुलामागं काय आहे, हे जगात एकट्या तिला माहीत होतं. किंवा काय नाही, ते.

चुन्याचं छत एका दमात होत नाही. लाकडी पट्ट्यांवर पहिला थर बसवायचा. तो थोडा घट्ट झाला, पण पुरता वाळला नाही, अशा वेळी त्यावर फणी फिरवायची. फणी म्हणजे लाकडाच्या तुकड्यात ओळीनं ठोकलेले खिळे. तिनं उभ्याआडव्या खाचा ओढायच्या. पुढचा थर त्या खाचांत बोटं घातल्यासारखा रुततो आणि मग शंभर वर्षं हलत नाही. खाचा नसतील तर तो नुसता चिकटून राहतो. दिसायला सारखाच दिसतो. एक दिवस सुटतो.

मास्तरांच्या कामात वाटणी ठरलेली होती. थर मास्तरांनी मारायचा, फणी धाकटीनं फिरवायची. दुसरा थर चढवायच्या आधी मास्तर खालून विचारायचे, "फणी फिरवली?" ती "हो" म्हणायची. झालं. वर चढून ते कधी तपासायचे नाहीत. स्वतःच्या हाताला कुणी तपासतं का?

सात नंबरच्या खोलीत त्या दिवशी ती फणी हातात घेऊन थर घट्ट व्हायची वाट बघत होती आणि फोन आला. एका शाळेचं सभागृह. तिचं स्वतःचं, एकटीचं पहिलं काम. ती बोलत बोलत गच्चीवर गेली. मापं विचारली, तारखा विचारल्या, मग आनंदात मैत्रिणीला फोन केला. परत आली तेव्हा थर दगड झाला होता. फणी टेकवली तर खिळे नुसते घसरले. आता सगळं टाचून काढायचं म्हणजे चार दिवस गेले, आणि खाली ठेकेदार घड्याळ बघत उभा. तिनं ओला ब्रश फिरवला, पृष्ठभाग भिजवला.

"फणी फिरवली?"

"हो."

एवढंच. दोन वर्षांत तिनं त्या एका अक्षरावर कितीतरी थर चढवले होते. चुना जुना होता, चांगला मुरलेला होता, धरेल. बाबांचा हात आहे, धरेल. फोटो बघितल्यापासून यातलं काहीच धरेना.

तिनं हॉटेलला तीन वेळा फोन केला. "जुन्या इमारतींत केसासारख्या भेगा येणं नैसर्गिक आहे, मॅडम. आमच्याकडे इंजिनीअरचं प्रमाणपत्र आहे." तिन्ही वेळा तेच, त्याच गोड आवाजात. मी खोटं बोलले होते, हे मात्र तिला फोनवर सांगवलं नाही. तिसरा फोन ठेवला आणि तिनं सात नंबरची खोली राखून घेतली. आधी स्वतः वाजवून बघायचं. पोकळ निघालं तर तोंड उघडायचं, मग काय व्हायचं ते होऊ दे.

आत शिरल्याबरोबर मॅनेजर सामोरा आला. चाळिशीचा माणूस, इतका नीट इस्त्री केलेला की त्याला घडी घालून कपाटात ठेवावं.

"पहिल्यांदाच येताय आमच्याकडे?"

"छे," आई म्हणाली. "हे तीन वर्षं इथंच पडीक होते. घरी नुसते जेवायला यायचे."

मॅनेजरला काही उमगलं नाही, पण तो हसला. तो नवीन होता. मास्तरांनी चष्मा लावून नोंदवहीत सही केली आणि मान वर करून जिन्यावरच्या कमानीकडे बघत राहिले. त्या नादात चष्मा तिथंच टेबलावर राहिला.

सात नंबरची खोली बघून आईची वाचा बसली. पण आईची वाचा फार वेळ बसत नाही.

"अगं बाई! झोपायला माणसं दोन आणि उशा सात? बाकीच्या पाच जणी कोण यायच्यात?" तिनं न्हाणीघरात डोकावलं. "टब बघ. आपली अख्खी आळी एका वेळी आंघोळ करेल यात. आणि या सपाता कुणाच्या? घरी न्यायच्या का इथंच ठेवायच्या?"

"ने गं," धाकटी म्हणाली. "आपल्याच आहेत."

"मग दोन्ही जोड नेते."

मास्तर खोलीच्या मधोमध उभे होते. मान वर. हात पाठीमागं, डाव्या हातानं उजवा मनगटाशी धरलेला.

"बत्तीस पाकळ्या," ते म्हणाले. "एकाही पाकळीला साचा नाही. सगळ्या हातानं. दोन आठवडे मान वाकडी झाली होती माझी, आठवतं?"

"आठवतं. रोज तेल मीच चोळत होते." आई पलंगावर बसली, मग आडवी झाली, मग पाय वर घेतले. "थांबा, आता आरामात बघते तुमचं फूल. झालं तेव्हापासून ऐकतेय नुसतं. छान आहे हो. खरंच छान आहे. पण ती रेघ कसली?"

"कुठली रेघ?" मास्तरांनी खिसे चाचपले. "चष्मा कुठं गेला?"

"आई, ऊठ तिथून," धाकटी म्हणाली.

"का? आत्ता तर पाठ टेकली."

"ऊठ म्हणते ना. खाली चहा असतो चार वाजेपर्यंत. बाबांचा चष्मा टेबलावर राहिलाय. जा दोघं, मी बॅगा लावते."

आईनं तिच्याकडे एक नजर टाकली. आयांची एक ठरलेली नजर असते, काही न विचारता सगळं विचारणारी. पण चहाचं नाव निघालं होतं. दोघं खाली गेली.

धाकटीनं दाराला कडी घातली. निदान तिला तसं वाटलं. हवेलीच्या कड्या जुन्याच ठेवल्या होत्या, आणि जुनी कडी दार दाबून धरल्याशिवाय बसत नाही. हे तिला माहीत होतं, पण घाईत विसरली.

पडद्यामागं उंच झरोके उघडायची काठी होती, टोकाला पितळी आकडा असलेली. तिनं आकड्याला हॉटेलची मऊ सपात गुंडाळली, आईच्या केसांच्या रबरानं बांधली. आणि छत वाजवायला सुरुवात केली. कोपऱ्यातून, वीत वीत सरकत.

टक्. टक्. टक्. भरीव. हा भाग तिनं फणी फिरवलेला होता, आदल्या दिवशीचा. टक्. टक्. ती पलंगाकडे सरकली. टक्.

ढप्.

तिचा हात थांबला. पुन्हा वाजवलं. ढप्. रिकाम्या डब्यावर टिचकी मारल्यासारखं. तिनं पलंगावरची एक उशी उचलली आणि तो आवाज जिथं सुरू झाला त्याच्या बरोबर खाली जमिनीवर ठेवली. मग दुसऱ्या बाजूनं. टक्, टक्, ढप्. दुसरी उशी. असं करत करत ती फुलाला वळसा घालून आली, तेव्हा पाच उशा जमिनीवर आणि दोन पलंगावर होत्या. मोठं थोरलं वर्तुळ, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नऊ फूट. पलंगाचं डोकं त्याच्या मधोमध.

म्हणजे सगळंच. जेवढं तिनं सोडलं होतं, तेवढं सगळं.

"काय वाजवतेस?"

दार उघडं होतं. मास्तर चष्मा लावून उभे होते. एका हातात बिस्किटाची बशी, तिच्यासाठी आणलेली.

मास्तरांनी बशी टेबलावर ठेवली. काठी डाव्या हातात घेतली, उजव्यानं खालून जेमतेम आधार दिला आणि फुलाच्या कडेला एकदा टेकवली. ढप्. थोडं पलीकडे. ढप्. चाळीस वर्षं हा माणूस आवाजावर जगला होता. त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्यांनी काठी खाली घेतली. उशांकडे बघितलं. मग दोन वर्षांपूर्वीच्याच आवाजात, अगदी त्याच, विचारलं, "फणी फिरवली होतीस?"

"नाही."

"मी विचारलं होतं."

"हो."

"तू हो म्हणालीस."

"म्हणाले. फोन आला होता, मी गच्चीवर गेले. परत आले तर थर वाळला होता. खोटं बोलले मी, बाबा."

मास्तर खुर्चीत बसले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांचं ओरडणं तिनं ऐकलं होतं. गवंड्यांवर, मजुरांवर, एकदा तर ठेकेदारावर. त्यानं ती कधी भ्यायली नव्हती. आज ते ओरडले नाहीत, त्याला ती भ्यायली.

"हे माझं शेवटचं छत," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"माहीत आहे म्हणे."

तेवढ्यात आई आली. चहा संपवून, हातात आणखी बिस्किटं रुमालात बांधून. तिनं जमिनीवरच्या उशा बघितल्या, नवऱ्याचं तोंड बघितलं, मुलीचं बघितलं. "काय झालं?"

धाकटीनं सांगितलं. पाच वाक्यांत. आईनं ऐकून घेतलं आणि पहिलं काय केलं असेल तर वर बघितलं आणि दोन पावलं मागं सरकली.

"ऐक," मास्तर म्हणाले. आवाज आता कामाचा झाला होता. "मॅनेजरला बोलाव. सांगायचं की छतात ओल आहे. वरच्या मजल्यावर न्हाणीघर आहे, पाणी मुरलं असणार. ओल कुठंही येते, कुणाचा दोष नाही. फणीचं नाव काढायचं नाही."

"पण..."

"पण नाही. त्या वाचनालयाचं काम तुला मिळतंय ना पुढच्या महिन्यात? हे बाहेर गेलं तर मिळेल? या धंद्यात एक गोष्ट पसरायला दोन चहा लागतात. माझं काय, मी घरी बसलोय. तू अजून उभी राहतेयस."

आता गंमत बघा. आयुष्यभर कामात खोट न चालवलेला माणूस मुलीसाठी खोटं बोलायला निघाला होता. आणि जी खोटं बोलली होती, तिच्या घशाखाली ते उतरेना. ती एवढंच म्हणाली, "बाबा, पलंग."

"काय पलंग?"

"आज रात्री आईला त्यावर झोपवाल?"

मास्तरांनी बायकोकडे बघितलं. मग उठले, कोट काढून खुर्चीवर टाकला, डावा खांदा पलंगाला लावला आणि रेटा दिला. सागवानी पलंग, एका माणसाला हलणारा नव्हे. धाकटीनं दुसऱ्या बाजूनं धरलं. आईनं गादीला हात लावून हातभार लावल्यासारखं केलं. करकरत करकरत पलंग भिंतीशी गेला. पण डोक्याकडची बाजू अजून वर्तुळाच्या कडेतच होती, एक उशी तिच्यावर तशीच राहिली.

मग धाकटीनं मॅनेजरला बोलवायचं बटण दाबलं.

मॅनेजर दोन मिनिटांत हजर. सरकलेला पलंग, जमिनीवर मांडलेल्या उशा, काठीला बांधलेली सपात. त्याच्या चेहऱ्यावरची इस्त्री जराशी मोडली.

"उशांबद्दल काही तक्रार आहे का?"

"छताबद्दल आहे," मास्तर म्हणाले. "हे छत मी केलंय. ओल धरलीय, साहेब. वरून पाणी मुरतंय."

मॅनेजरचा जीव भांड्यात पडला. "हो का! न्हाणीघराची तक्रार आहेच. प्लंबरला सांगतो. आणि रंगाऱ्याला सांगून ती रेघ उद्या सकाळीच बुजवून घेतो. दुपारी पाहुणे येताहेत, सहा महिन्यांपूर्वी ठरलंय, हीच खोली हवी म्हणून. तान्हं बाळ आहे, पाळणाही मागवलाय."

"पाळणा कुठं ठेवणार?" आईनं विचारलं.

"इथं, पलंगाशेजारी."

तिघांनी वर बघितलं. मग मॅनेजरनंही, तिघं कुठं बघताहेत म्हणून.

रेघ बुजवणार. वर रंग मारणार. म्हणजे दिसत होतं तेवढंही दिसायचं बंद होणार. धाकटीला कळलं की ओलीचं हे सोपं खोटं तिला वाचवेल, पण छताला नाही. सगळं वर्तुळ उतरवायला हवं, आणि ते का उतरवायचं हे खरं सांगितल्याशिवाय कुणी उतरवणार नाही.

"ओल नाही," ती म्हणाली.

"धाकटे."

"बाबा, थांबा. साहेब, ओल नाहीये. पहिला थर बसला की त्यात खाचा ओढायच्या असतात, दुसरा थर धरायला. ते काम माझं होतं. मी ते केलं नाही आणि केलं म्हणून सांगितलं. बाबांना अर्ध्या तासापूर्वी कळलंय. या उशांच्या आत जेवढं येतं तेवढं सगळं नुसतं चिकटलंय. रंगानं काही होणार नाही."

मॅनेजर तिच्याकडे बघत राहिला. "तुम्ही काय बोलताय ते कळतंय ना, मॅडम?"

"कळतंय."

"हे मला वर कळवावं लागेल. तुमच्या नावानिशी."

"कळवा. लिहून देते."

"बरं." त्यानं घसा साफ केला. "सोमवारी आमचे इंजिनीअर येतील तेव्हा..."

"उद्या पाळणा यायचाय."

"मॅडम, दीडशे वर्षांची हवेली आहे. दोन दिवसांत काय होणार? तुम्हाला मी दुसरी खोली देतो. अकरा नंबर, बागेकडची. रात्रीचं जेवण आमच्याकडून."

"मला खोली नकोय. ही बंद करायला हवीय." तिनं काठी त्याच्यापुढं धरली. "तुम्ही वाजवा."

"मी?"

"तुम्हीच. माझ्यावर विश्वास ठेवू नका. मी एकदा खोटं बोललेय. कोपऱ्यात वाजवा, मग इथं कडेला उभं राहून आत वाजवा. फरक कळला नाही तर मी बॅग उचलते आणि जाते."

आई म्हणाली, "घ्या हो काठी. ती ऐकणारी नाही. लहानपणी अंगारा लावूनसुद्धा ऐकली नाही."

मॅनेजरनं काठी घेतली, जरा संकोचानं, कुणाची तरी छत्री धरावी तशी. कोपऱ्यात वाजवलं. टक्. मग वर्तुळाच्या कडेशी येऊन वाजवलं. ढप्. त्याच्या भुवया वर गेल्या. पुन्हा कोपऱ्यात, पुन्हा इथं. माणसाला फरक कळला की तो पुन्हा पुन्हा करून बघतो. तिसऱ्या वेळी त्यानं जोर लावला.

"हळू," मास्तर म्हणाले आणि डाव्या हातानं त्याला कॉलर धरून मागं ओढलं.

आवाज फार मोठा झाला नाही. बशीएवढा तुकडा पलंगावर राहिलेल्या उशीत येऊन रुतला. पांढरी धूळ उडाली आणि सावकाश खाली बसली. मॅनेजरच्या कोटावर, आईच्या बिस्किटांवर. वर रेघेच्या जागी आता एक खळगा होता आणि फुलाची एक पाकळी अर्धी दिसत होती.

मास्तरांनी तुकडा उचलला. उलटा केला. पाठीवरून अंगठा फिरवला. पाटीसारखी गुळगुळीत पाठ. एकही ओळ नाही. त्यांनी तो धाकटीकडे दिला नाही, मॅनेजरकडे दिला.

"इथं ओळी पाहिजे होत्या," ते म्हणाले. "पोरगी खरं बोलतेय."

त्या संध्याकाळी सात नंबरला कुलूप लागलं. धाकटीनं हॉटेलच्याच जाड, सुंदर कागदावर सगळं लिहून दिलं. कुठला थर, कुठली जागा, कुणाची चूक. मास्तरांची काही चूक नाही, हे वाक्य तिनं दोनदा लिहिलं. खाली सही केली. मॅनेजरनं बाळाच्या आईबापांना स्वतः फोन केला आणि अकरा नंबर देऊ केली. ती लगेच पाळण्यासाठी लावायला घेतली, त्यामुळे आईबाबांना मिळाली तिसऱ्या मजल्यावरची लहान खोली. तिथं उशा चारच होत्या. "सुटले," आई म्हणाली. मास्तर त्या रात्री धाकटीशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. आईमार्फत मीठ मागायचे.

वाचनालयाचं काम गेलं. मास्तर म्हणाले होते दोन चहा, पण एकातच झालं. वाचनालयाच्या चिटणीसांनी फोनवर फार सभ्यपणे सांगितलं की त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी द्यायचं ठरवलंय. धाकटीनं शाळेलाही स्वतःहून फोन केला आणि तिथं जाऊन सभागृहाचं छत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत वाजवलं. दोन दिवस लागले. सगळीकडे टक्. तरी तिनं वाजवायचं सोडलं नाही.

हवेलीचे इंजिनीअर आले, परांची उभी राहिली, आणि नऊ फुटांचं वर्तुळ दुधावरची साय काढावी तसं सुटून आलं. फूल वाचलं नाही. बत्तीसपैकी नऊ पाकळ्या आख्ख्या उतरल्या. मास्तरांनी त्या वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणल्या आणि कपाटावर ठेवल्या.

मालकांची अट आली. काम तिनंच, तिच्याच खर्चानं करून द्यायचं. प्रत्येक थराला इंजिनीअर हजर. आणि मास्तरांची देखरेख असेल तरच. धाकटीनं चिठ्ठी मास्तरांच्या ताटाशेजारी ठेवली. त्यांनी वाचली, ताट पुढं ओढलं, जेवण पुरं केलं, हात धुतला.

"किती वाजता निघायचं?" ते म्हणाले. अकरा दिवसांनी पहिल्यांदाच सरळ तिला.

"आठला."

"साडेसातला. चुना सकाळीच भिजवायला लागतो."

दोघं डावीकडच्या बोळातून, मागच्या दारानं आत गेली. मॅनेजरनं जिन्यावरून बघितलं, खाली आला आणि म्हणाला की पुढून आलात तरी चालेल. "पुढं संगमरवर आहे," मास्तर म्हणाले. "आमचे पाय चुन्याचे."

खोलीत पलंग नव्हता. मधोमध परांची, आणि खाली खुर्चीत मास्तर, कोट नाही, चष्मा नाकावर. इंजिनीअर दाराशी वही घेऊन. पहिला थर या वेळी धाकटीनंच मारला. दोन्ही कामं आता तिचीच होती. तिनं फोन बंद करून आईकडे घरी ठेवला होता. दुपारभर ती थराला बोट लावून बघत राहिली. अजून ओला. अजून थोडा. मग एका वेळी बोट लागलं पण रुतलं नाही, आणि तिनं फणी उचलली.

उभ्या ओळी. मग आडव्या. खर्र खर्र आवाज खोलीभर. चुन्याचे बारीक कण तिच्या भुवयांवर, ओठांवर पडत होते. खांदे भरून आले तेव्हा तिनं दोनदा हात बदलला. पण एक वीतही सोडली नाही. भिंतीपासून भिंतीपर्यंत, आणि मग जिथं नवीन फूल यायचं तिथं दुसऱ्यांदा.

इंजिनीअरनं शिडी चढून बघितलं, वहीत टिक केली आणि चहाला गेला.

ती परांचीवर उताणी पडून श्वास घेत होती. खालून आवाज आला.

"फणी फिरवली?"

तिनं तोंड उघडलं.

"तोंडी नको," मास्तर म्हणाले. "फणी खाली दे."

तिनं परांचीच्या कडेवरून हात खाली सोडला. मास्तर उठले, डावा हात उंच करून फणी घेतली आणि खिडकीच्या उजेडात धरली. खिळ्याखिळ्यांमध्ये ओला चुना गच्च भरला होता. त्यांनी एका फटीतून अंगठा ओढला, चुना दोन बोटांत चोळून बघितला आणि पँटला पुसला.

"ठीक आहे," ते म्हणाले. "फणी धू, नाहीतर वाळेल. आणि दुसऱ्या थराचा चुना मी सांगेन तेव्हाच भिजव."